चार ग्रहांची युती आणि बाभळीचं बेचकं

२१ डिसेंबर २०२० च्या संध्याकाळी गुरू आणि शनी पश्चिमेला एकमेकांना खेटून उभे होते. दोघांतलं अंतर चंद्रबिंबाच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढं. पेपरात आठवडाभर त्याचीच चर्चा होती. आम्ही सगळे शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे वस्तीवर, जमलो होतो आणि माझ्या हातात प्रदर्शनातून आणलेली कोरी करकरीत दुर्बीण होती. मी ती डोळ्यांना लावली आणि मला चार ग्रह दिसले. दोन गुरू, दोन शनी. चौघंही थरथरत होते.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकदा डोळे लावले, दुर्बीण परत दिली आणि म्हणाले, "नुसत्या डोळ्यानं दोनच हायेत माय. तुझ्या डब्यातून दोन जास्तीचे निघाले."

त्या डब्यावर छापलं होतं '२०-१८०×१००', म्हणजे वीसपासून एकशे ऐंशी पटीपर्यंत झूम आणि १०० मिलिमीटरचं भिंग. भिंगं लालभडक, माणकासारखी. विकणाऱ्यानं दूरच्या एका कळसाकडे रोखून दाखवली होती आणि मी भर गर्दीत, एक डोळा मिटून, दोन सेकंद बघून अठराशे रुपये मोजले होते. एक डोळा मिटला नसता तर कदाचित तिथेच कळलं असतं. पुढे पुतण्यानं कंपासमधली पट्टी लावून पुढचं भिंग मोजलं. डब्यावरच्या १०० मिलिमीटरचे भरले ३८. आणि त्या लाल रंगाचं गुपित असं, की ते भिंग तांबडा प्रकाश परतवून लावतं. आत पोचतो तो उरलेला, म्हणून सगळं शेत मला आजाऱ्यासारखं हिरवट दिसत होतं.

मी अंबाजोगाईला एका शाळेत ग्रंथपाल आहे. वय ५२, चष्मा जाड, मानेच्या मणक्याची तक्रार जुनी. आमचं शेत गावापासून चौदा किलोमीटरवर, बालाघाटच्या माळावर. शनिवार-रविवार मी तिथे असते. दुर्बीण घेताना आपलं वय, आपला चष्मा आणि आपली मान यांचा हिशोब डब्यावरच्या आकड्याआधी करायचा असतो, हे कळायला मला चार वर्षं लागली. म्हणून हे लिहितेय.

चार वर्षं दुर्बीण या विषयावर मी रुसून होते. मग ऑक्टोबर २०२४ मध्ये तो धूमकेतू आला, त्सुचिनशान-ॲटलास. आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर म्हणाले, "मॅडम, संध्याकाळी माळावर चला, माझी दुर्बीण आहे." परतीच्या पावसानं दोन संध्याकाळी घालवल्या, तिसऱ्या दिवशी पश्चिम धुऊन निघाली. शुक्र आणि स्वाती यांच्या मधल्या भागात नुसत्या डोळ्यांना एक पुसटसा फराटा दिसत होता, तोही आहे म्हटलं तर आहे. सरांनी गळ्यातली दुर्बीण काढून माझ्या हातात दिली. जुनीच, काळ्या रंगाची, कोपरात वाकल्यासारखी दिसणारी, १०×५०. तिच्यातून बघितलं आणि मी काही वेळ बोललेच नाही. डोकं स्पष्ट, आणि तिथून निघालेली शेपटी सरळ वर चढत गेलेली. अण्णा अशा ताऱ्याला शेंडेनक्षत्र म्हणतात. त्या शब्दाचा अर्थ मला त्या दिवशी दिसला.

घरी आले ती हे ठरवूनच की आता नीट दुर्बीण घ्यायची. पण मला ती फक्त रात्रीसाठी नको होती. शेतात दिवसा बघण्यासारखं काय कमी आहे? हिवाळ्यात शाळूवर भोरड्यांचे (गुलाबी मैनांचे) थवे उतरतात, हरभऱ्यात रोही (नीलगायी) घुसतात, बांधावर मोर असतात, विहिरीवर खंड्या. आखाड्याच्या शेवग्यावर शिंजीर येतो, तो तर हातभर अंतरावर असतो. तेव्हा एकच दुर्बीण, दिवसाची आणि रात्रीची. आणि हातात धरायची. तिपाई घेऊन ढेकळांतून चालणं माझ्याच्यानं व्हायचं नाही.

सगळे सांगतात, '१०×५० घ्या, डोळे झाकून घ्या.' डोळे झाकून एक घेतलीच होती. या वेळी उघडे ठेवायचं ठरवलं.

आधी ते आकडे. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. हे सगळ्यांना माहीत असतं. पण खरी गंमत दुसऱ्याला पहिल्यानं भागल्यावर आहे. दुर्बीण उजेडाकडे करून हातभर लांब धरा आणि डोळ्याच्या बाजूच्या भिंगात बघा. तिथे मधोमध प्रकाशाची एक गोल टिकली दिसते. ५० भागिले १०, म्हणजे ५ मिलिमीटरची टिकली. ८×४२ ची सव्वापाच. ७×५० ची सातच्या थोडी वर. दुर्बिणीनं गोळा केलेला सगळा प्रकाश या टिकलीतून बाहेर येतो आणि आपल्या बुबुळाच्या बाहुलीतून, म्हणजे मधल्या काळ्या छिद्रातून, आत जातो. बाहुली टिकलीपेक्षा लहान असेल तर कडेचा प्रकाश आत जाणारच नाही. बाटलीचं तोंड लहान आणि ओतणारी धार मोठी, तसं.

तरुणपणी अंधारात बुबुळाची बाहुली ७ मिलिमीटरपर्यंत उघडते. वय वाढतं तशी ती कमी उघडते. चष्म्याचा नंबर काढायला गेले तेव्हा डॉक्टरांना विचारलं, माझी किती उघडते हो? त्यांना हा प्रश्न याआधी कुणी विचारला नसावा. त्यांनी खोली अंधारी केली, मोजलं आणि म्हणाले, "पाचाच्या आसपास." म्हणजे ७×५० माझ्यासाठी बाद. तिची सात मिलिमीटरची टिकली माझ्या पाचाच्या बाहुलीत मावणार नाही. ५० चं ओझं गळ्यात वागवायचं आणि उपयोग ३५ चा. दिवसा तर आमच्या उन्हात बाहुली दोन-तीन मिलिमीटरच असते. तेव्हा मोठं भिंग केवळ वजन.

मग उरल्या दोन. १०×५० आणि ८×४२. कागदावर पहिलीच सरस. भिंग मोठं, पट जास्त, आणि टिकली माझ्या बाहुलीत बरोब्बर बसणारी. १५×७० चाही मोह झाला होता, खोटं कशाला बोलू. पण ती दीड किलोच्या आसपास जाते आणि पंधरा पटीला हाताचा प्रत्येक ठोका दिसतो. ती हातात धरायची वस्तूच नाही, तिपाईवर बसवायची आहे.

चष्म्याचं प्रकरण वेगळंच निघालं. मला वाटायचं, दुर्बिणीला चष्मा काढूनच बघायचं असतं. नुसता लांबचा-जवळचा नंबर असेल तर ते खरंही आहे, कारण मधलं चाक फिरवून तो नंबर भरून निघतो. पण मला सिलिंडरचा नंबर आहे, म्हणजे डोळ्याचा गोलवा सगळ्या दिशांना सारखा नाही, आणि सिलिंडर चाकानं भरून निघत नाही. सरांच्या दुर्बिणीतून चष्मा काढून व्याध बघितला तर तो जिऱ्याच्या दाण्यासारखा लांबट. चष्मा लावून बघितला तर गोल टिपूस, पण मग चित्राच्या कडा गायब, जणू नळीतून बघतेय. कारण चष्म्यामुळे डोळा मागे राहतो. दुर्बिणीच्या भिंगापासून डोळा किती मागे ठेवून पूर्ण चित्र दिसतं, हा आकडा डब्यावर किंवा माहितीपत्रकात दिलेला असतो. चष्मेवाल्यांनी १५ मिलिमीटरच्या खालचं काही घेऊ नये, जास्त असेल तर आणखी बरं. सरांच्या दुर्बिणीचा होता जेमतेम १२. त्यांना चष्माच नाही, त्यांना काय फरक पडतो. डोळ्यापाशी जे रबरी कप असतात ते चष्मेवाल्यांनी दुमडून किंवा फिरवून खाली करायचे, हेही कुणी सांगत नाही. मी कित्येक दिवस ते वर ठेवून बघत होते आणि दुर्बिणीला दोष देत होते.

आकाराचंही सांगते. सरांच्या दुर्बिणीसारख्या कोपरात वाकलेल्या नळ्यांच्या दुर्बिणीला पोरो म्हणतात, इग्नात्सिओ पोरो नावाच्या इटालियन माणसावरून. त्यानं १८५४ मध्ये नळीच्या आत प्रकाश वळवणाऱ्या लोलकांच्या (प्रिझमच्या) जोडणीचं पेटंट घेतलं. दुसरा प्रकार सरळ नळ्यांचा, त्याला रूफ म्हणतात. तो सुटसुटीत आणि वजनाला हलका, पण आतले लोलक फार काटेकोर घासावे लागतात, त्यावर जास्तीचा लेपही लागतो. म्हणून स्वस्तातली रूफ बहुधा फसवते. त्याच पैशात पोरो चांगली मिळते. पैसे बेताचे आणि मान धडधाकट असेल तर पोरोच घ्यावी, असं माझं मत आहे. माझी मान धडधाकट नाही.

पुण्याला एका लग्नाला गेले होते, तेव्हा दुपारच्या पंगतीनंतर दुर्बिणींच्या दुकानात जाऊन आले. काठापदराच्या साडीत, हातात अक्षतांची पुडी. दुकानातला मुलगा भला होता. मी त्याच्या सात-आठ दुर्बिणी काढायला लावल्या आणि प्रत्येक हातभर लांब धरून टिकली बघितली. चांगल्या काचेच्या लोलकात टिकली गोल असते, कडेपर्यंत सारखी उजळ. हलक्या काचेत ती चौकटीच्या एक्क्यासारखी दिसते, चारी बाजूंनी करडी कापलेली. माहितीपत्रकात चांगल्या काचेला बॅक-४ आणि हलकीला बीके-७ लिहितात, पण वाचण्यापेक्षा बघितलेलं खरं. मग समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी धरली. डोळ्यांपासून दुर्बीण सावकाश मागे नेत गेले. टाकीची वरची कड दोन्ही भिंगांत एकाच रेषेत राहिली पाहिजे. एकात वर, एकात खाली असेल तर नळ्या समांतर नाहीत, आणि मग चार ग्रहांची युती ठरलेली. आपले डोळे थोडा फरक ओढूनताणून सांभाळून घेतात, म्हणून दुकानात कळत नाही. अर्ध्या तासानं कपाळ दुखायला लागतं तेव्हा कळतं.

भिंगात दिव्याचं प्रतिबिंबही बघितलं. सगळ्या काचांवर अनेक थरांचा लेप असेल तर प्रतिबिंब मंद, हिरवट-जांभळं दिसतं. पांढरं लख्ख दिसलं तर तेवढा प्रकाश आत न जाता परत फिरतोय. "ताई, तुम्ही शिकवता का कुठे?" त्या मुलानं विचारलं. मी म्हटलं, शिकवत नाही, एकदा शिकलेय.

तिथे मनासारखी मिळाली नाही. शेवटी जानेवारी २०२५ मध्ये ऑनलाइन मागवली. ८×४२, रूफ, चष्म्यासाठी १७ मिलिमीटर जागा असलेली, साडेअकरा हजारांना. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर लोक नाव वाचतात आणि बाकीचं सोडून देतात. परत करायची मुदत दहा दिवसांची होती. मी सरांची १०×५० त्या दहा दिवसांसाठी मागून घेतली आणि दोन्ही घेऊन शेतावर गेले.

गावातल्या किराणा दुकानाच्या काट्यावर दोन्ही ठेवल्या. सरांची ९३० ग्रॅम, माझी ६७०. पाव किलोचा फरक. दुकानदार म्हणाला, "एवढ्याला काय वजन म्हणता?" पाव किलो म्हणजे काही नाही हो, पण ते गळ्यात घालून, मान वर करून, वीस मिनिटं उभं राहून बघा.

आमच्या शेताच्या कडेनं उच्च दाबाची लाईन गेलीय. तिच्या मनोऱ्यावर चिनी मातीच्या बशा ओळीनं टांगलेल्या असतात. दुपारी बांधावर उभी राहून मी त्या बशा मोजायला लागले. दहा पटीनं मोजल्या, एकदा आठ आल्या, एकदा दहा, मग नऊ. आठ पटीनं मोजल्या, तीनदा नऊच. पुतण्या म्हणाला, "आत्या, दहाची मोठं दाखवते ना?" दाखवते ना, पण थरथरणंही तेवढंच मोठं करून दाखवते. त्याच्या हातात दहा पट अगदी स्थिर होती. तो सोळा वर्षांचा आहे.

रात्री अमावस्येच्या आसपासचा अंधार होता. गुरू रोहिणीपाशी, मंगळ पुनर्वसूपाशी तांबडा होऊन बसलेला. आमच्या गल्लीत आता पांढरे एलईडी लागलेत, त्यांचा उजेड शेतापर्यंत दिसतो, तरी आखाड्यामागे गेलं की बरं असतं. अर्धा तास फोनला हात लावला नाही. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि फोनचा एक पांढरा पडदा तेवढी कमाई क्षणात घालवतो. वही लिहायला बॅटरीला पतंगाचा लाल कागद गुंडाळला होता.

कृत्तिका घेतल्या. नुसत्या डोळ्यांना मला आता पाचच दिसतात. १०×५० हातात धरून मोजल्या, सव्वीस आल्या. ८×४२ धरून, एकतीस. लहान दुर्बिणीत जास्त तारे! मला फार आनंद झाला, म्हणजे साडेअकरा हजार वाया गेले नाहीत. अण्णा बाजेवर घोंगडी पांघरून बसले होते. ते माझे हात बघत होते.

"हात काहून कापायलेत गं?"

"थंडीनं, अण्णा. आणि वजनानं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठायच्या आत ते बांधावर जाऊन बाभळीची एक फांदी तोडून आले. वरती बेचकं, खाली माझ्या हनुवटीएवढी उंच काठी. साल काढली, बेचक्याला जुन्या धोतराची चिंधी गुंडाळली. "ह्याच्यावर ठिव तुझं यंत्र." सरांनी मला सांगितलं होतं की दुर्बीण तिपाईला जोडायचा एक लोखंडी कोन मिळतो, बऱ्याच दुर्बिणींना पुढे त्यासाठी आट्यांचं छिद्रही असतं. तो घ्यायचा राहिलाच.

त्या रात्री बेचक्यावर ठेवून पुन्हा मोजलं. ८×४२, छत्तीस. १०×५०, बेचाळीस. आता निकाल फिरला. मोठं भिंग आणि जास्त पट, हात स्थिर असेल तर जास्तच देतं, यात वाद नाही. मृगाच्या तलवारीतला तेजोमेघ, तो साधारण तेराशे-चौदाशे प्रकाशवर्षं लांब आहे, बेचक्यावरच्या १०×५० मध्ये पंख पसरल्यासारखा दिसला. माझ्या दुर्बिणीत तो एक धुरकट पुंजका होता. गुरूचे चंद्र दोन्हींत दिसले, गुरूच्या दोन बाजूंना एका रेषेत, पण दहा पटीत सुटे आणि ठसठशीत. गॅलिलिओनं १६१० च्या जानेवारीत ते पहिल्यांदा बघितले तेव्हा त्याच्या नळीची ताकद वीस पटीच्या आसपास होती, आणि ती तर एका डोळ्याची.

मग मी परत का केली नाही?

तीन दिवस विचार केला. चौथ्या दिवशी भोरड्या आल्या. शाळू हुरड्यात होता, आणि पूर्वेकडून तो गुलाबी-काळा ढग वळत, फुगत, आकसत आला. बेचकं घ्यायला वेळच नव्हता. माझी दुर्बीण गळ्यात होती, वर उचलली आणि आख्खा थवा चित्रात मावला. आठ पटीत आकाशाचा तुकडा मोठा दिसतो, उडत्या पाखरामागे धावता येतं. सरांची पिशवीत होती. मी तेवढ्यात तीही काढून बघितली, थवा शोधेपर्यंत तो लिंबाच्या पलीकडे गेला होता. नंतर शेवग्यावरचा शिंजीर सात फुटांवरून बघितला, मानेजवळचा जांभळा रंग झळकला. सरांची दुर्बीण इतक्या जवळचं स्पष्ट करतच नाही, तिला पंधरा-वीस फूट लागतात. आणि संध्याकाळी माझ्या लक्षात आलं, दिवसभर माझी गळ्यात होती, सरांची पिशवीत. म्हणजे निवड झालेलीच होती.

तेव्हा सरळ सांगते. वय चाळिशीच्या आत, चष्मा नाही, आणि रात्रीचंच वेड असेल तर १०×५० पोरो घ्या, माझं ऐकू नका. माझ्यासारखं निम्मं दिवसाचं आणि निम्मं रात्रीचं बघायचं असेल, तर ८×४२ घ्या आणि कृत्तिकांतले सहा तारे सोडून द्या. मला त्या सहांचं अधूनमधून वाईट वाटतं. झूम होणारी कोणतीही दुर्बीण मात्र कुणीही घेऊ नका.

काही बारीकसारीक गोष्टी. घेतल्यावर पहिलं काम डोळ्यांचा फरक जुळवायचं. उजवं भिंग झाकून मधल्या चाकानं डाव्या डोळ्यापुरतं स्पष्ट करायचं, मग डावं झाकून उजव्या डोळ्यापाशी जी कडी असते ती फिरवायची. ती कडी कुठे आली त्यावर मी नेलपॉलिशचा ठिपका दिलाय, कारण पुतण्या ती रोज हलवतो. धूळ मी पहिल्या दिवशी पदरानं पुसली आणि सरांनी कपाळावर हात मारला. आमच्याकडे मार्चपासून जी वावटळीची धूळ असते तिच्यात बारीक खडे असतात, पुसलं की भिंगावर ओरखडे. आधी रबरी फुग्यानं फुंकायचं, मग अगदी मऊ फडकं. पावसाळ्यात काचेवर बुरशी धरते, म्हणून जून ते सप्टेंबर ती झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. औषधांच्या बाटल्यांतून निघतात त्या मी वर्षभर जमवते. आणि घरात मुलं असतील तर एकच नियम दटावून सांगायचा: सूर्याकडे दुर्बीण कधीही नाही, उगवताना नाही, मावळताना नाही, ग्रहणात तर नाहीच. डोळा क्षणात जातो, आणि तो परत येत नाही.

रात्रीची सगळ्यात चांगली जागा म्हणजे बाज. उताणं पडायचं, कोपरं बरगड्यांना टेकवायची, दुर्बिणीचं वजन चेहऱ्याच्या हाडांवर सोडायचं. हातांना काही कामच राहत नाही. मान शाबूत. माझी आजी सप्तर्षीला खाटलं म्हणायची, म्हातारीची बाज आणि ती पळवणारे तीन चोर. उन्हाळ्यात त्या बाजेकडे मी या बाजेवरून बघते. मधल्या चोराजवळ, म्हणजे वसिष्ठाजवळ, अरुंधती आहे की नाही यावर पूर्वी आमच्यात भांडणं व्हायची, आता दुर्बिणीत दोघांमध्ये मोकळी जागा दिसते. पुष्य नक्षत्रात नुसत्या डोळ्यांना धुकं असतं, तिथे मूठभर खडीसाखर सांडलेली निघते. मे महिन्यात रात्री दहाच्या सुमाराला दक्षिणेला नरतुरंग तारकासमूहात ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ येतो, कापसाच्या बोंडासारखा गोळा. त्यात साधारण एक कोटी तारे आहेत आणि तो सतरा हजार प्रकाशवर्षं लांब आहे. लंडनहून तो दिसतच नाही. आमच्या बांधावरून दिसतो. आणखी एक माझं आवडतं: आमच्या इथून उत्तरेला ध्रुव क्षितिजापासून जेवढा वर, जवळपास तेवढाच दक्षिणेला अगस्ती जास्तीत जास्त वर येतो. दोघेही हात लांब करून धरलेल्या दोन मुठींच्या आत. हे समजायला दुर्बीण लागत नाही, पण दुर्बीण घेतल्यावर समजलं.

जुनी लाल भिंगांची दुर्बीण पुतण्यानं पार खोलली. तिच्यातला एक लोलक मी शाळेत ग्रंथालयाच्या खिडकीत ठेवलाय. सकाळी अकराच्या सुमाराला चरित्रांच्या कपाटावर इंद्रधनुष्य पडतं. अठराशे रुपयांत तेवढं आलं.

आता अण्णांबद्दल. त्यांचं वय ७८, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले. त्यांनी आयुष्यभर आभाळ घड्याळ म्हणून वापरलं. रातच्या लाईटीला गव्हात पाणी द्यायला जायचे तेव्हा तिकांडं डोक्यावर आलं की मध्यरात्र, तिकांडं मावळतीला झुकलं की चहाची वेळ. मृगाच्या त्या तीन ताऱ्यांना दुर्बिणीतून बघायची त्यांना कधी गरज वाटली नाही. "तीनच हायेत. मोजलेत म्या." दुर्बीण मात्र त्यांना दिवसा फार आवडली. आखाड्यावर बसल्या बसल्या शेवटच्या सरीत पाणी पोचलं का ते दिसतं, हरभऱ्यात रोही शिरला का ते दिसतं, आणि मुख्य म्हणजे विजेच्या डीपीपाशी कोण उभं राहून फ्यूज काढतंय ते चेहऱ्यासकट दिसतं. गावात त्यामुळे त्यांचा वचक वाढलाय.

१ मार्च २०२५ ला बीज होती. अमावस्येनंतरची बारीक कोर पश्चिमेला, आणि तिच्या वर शुक्राची चांदणी, लखलखीत. त्या दिवसांत शुक्र पृथ्वीच्या जवळ येत होता आणि त्याची आपल्याकडची बाजू बरीचशी अंधारात गेली होती. अंधार पडायच्या आत, आभाळ अजून उजळ असताना बघायचं, नाहीतर शुक्राच्या झगझगाटानं आकार कळत नाही. मी बेचकं रोवलं, दुर्बीण त्यात बसवली आणि अण्णांना बोलावलं. त्यांनी आधी चंद्राची कोर बघितली, तिच्या आतला करडा गोळासुद्धा दिसला म्हणाले. मग मी त्यांच्या हाताला धरून दुर्बीण वर नेली.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग दुर्बिणीवरून डोळे काढले, नुसत्या डोळ्यांनी वर बघितलं, पुन्हा आत बघितलं.

"खाली बीज हाय," ते म्हणाले. "अन् वरबी बीजच हाय?"

मी म्हटलं, हो अण्णा, ती शुक्राची.

"अठ्ठ्याहत्तर वर्षं ही चांदणी बघायलो म्या," ते म्हणाले, आणि पुतण्याला हाक मारली, "ये रं, तुझ्या आजीला बोलीव. चष्मा घिऊन ये म्हणावं."